विचारा, पण नीट विचारा!

परवाचीच गोष्ट. डोंबिवलीत आमच्या नेहमीच्या टेलरकडे ब्लाऊजचं कापड टाकायला गेले होते. "गळा किती खोल? बाही कोपरापर्यंत? अस्तर घालायचं ना?" सगळं विचारून, वहीत लिहून घेतल्याशिवाय मास्तरांनी कापडाला हात लावला नाही. घरी आले आणि मोबाइलमधल्या एआय मदतनिसाला आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाचं निमंत्रण लिहायला सांगितलं. मिनिटभरात तयार! पण वेळ त्याच्या मनाची आणि वर मजकूर, 'सर्व सुवासिनींनी यावे.' अहो, आमच्याकडे विधवा मैत्रिणींना आम्ही आवर्जून बोलावतो! त्यानं विचारलंच नाही.

मैत्रिणींनो, निमंत्रण खोडून पुन्हा लिहिता येतं. पण एआय आता नुसती उत्तरं देत नाही, कामंही करू लागलंय. फॉर्म भरणं, तिकीट काढणं, सामान मागवणं... तिथे न विचारता केलेली चूक महागात पडेल. म्हणूनच आता या मदतनिसांना 'विचारायला' शिकवलं जातंय. एआयला इतर प्रणालींशी जोडणारी 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची एक पद्धत आहे. त्यात जून २०२५ मध्ये भर पडली की, काम मध्येच थांबवून माणसाला माहिती विचारता यावी. माणसाला उत्तर देता येतं, नकार देता येतो, किंवा काहीच न ठरवता बाहेर पडता येतं. आणि गुप्त माहिती अशा साध्या प्रश्नातून मागायची नाही, असा नियमही आहे. चांगलंच आहे की!

पण नुसतं विचारलं म्हणजे झालं का? इथेच आपला अनुभव कामाला येतो. 'लाडकी बहीण' योजनेचं ई-केवायसी आठवतंय ना? सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. ते काही एआय नव्हतं, साधा ऑनलाइन फॉर्मच होता. त्यात कुटुंबातलं कुणी कायम सरकारी नोकरीत 'नाहीत' असं वाक्य, आणि पुढे पर्याय, होय की नाही? आता घरात कुणी सरकारी नोकर नाही, हे सांगायला काय दाबायचं? आपल्या बोलण्यात "जेवली नाहीस ना?" म्हटलं की आपण "नाही" म्हणतो. कित्येकींचा इथेच घोळ झाला. शेवटी चुका दुरुस्त करण्याची संधी द्यावी लागली.

दुसरा प्रश्न त्याहून जिव्हारी लागणारा. पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी. ज्या बाईला दोघंही नाहीत, तिनं काय भरायचं? पुढे मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली आणि अशा बहिणींना मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यायला सांगितलं. प्रश्न तयार करणाऱ्याच्या डोळ्यासमोर ती बाई आधी आलीच नसावी. आमच्या निमंत्रणात तरी दुसरं काय झालं होतं? दरमहा १,५०० रुपये ज्या घरात गॅस आणि वह्या-पुस्तकांना लागतात, तिथे एका चुकीच्या बटणाची किंमत काय, हे सांगायला नको.

राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्याची घोषणा केली. म्हणजे यापुढे यंत्र आपल्याला अधिकाधिक प्रश्न विचारणार. मग आपण आताच मागणी करायला हवी. प्रश्न सरळ मराठीत, एका वेळी एकच. 'होय-नाही'बरोबर 'माहीत नाही' आणि 'घरी विचारून सांगते' हेही पर्याय हवेत. शेवटचं बटण दाबण्याआधी, "तुम्ही असं सांगितलंय, बरोबर आहे ना?" असं वाचून दाखवायला हवं. आणि गाडं अडलंच तर समोर बोलायला हाडामासाचं माणूस हवंच!

आणि आपण? ठाण्याहून सुटलेल्या लोकलमध्ये, धक्के खात, उभ्या उभ्या "ओके, ओके" दाबून मोकळ्या होतो. नाहीतर मोबाइल मुलाच्या हातात, "तूच बघ रे बाबा!" त्यानं घाईत दाबलेलं 'होय' आपल्या नावावर लागतं. म्हणून घरी बसून, चष्मा लावून, प्रश्न दोनदा वाचा. कळला नाही तर शेजारणीला विचारा, त्यात लाज कसली? मात्र ओटीपी, पिन कुणी गप्पांच्या ओघात मागितला, मग ते माणूस असो की यंत्र, साफ नाही म्हणा. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

लग्न ठरवण्यापासून शाळा निवडण्यापर्यंत "तुला काय वाटतं?" हे आपल्याला फार कमी वेळा विचारलं गेलं. आता यंत्र विचारतंय, तर उत्तर आपलं आपणच देऊ. आणि प्रश्नच चुकीचा असेल, तर तेही ठणकावून सांगू. पटतंय ना?