पत्ता तोच राहू द्या

आबांची पत्रं स्कॅन करून मी आपल्या साइटवर ठेवली आहेत, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. जुन्या सर्व्हरवर जागा पुरेना म्हणून मध्यंतरी ती दुसऱ्या मशीनवर हलवली आणि जुन्या पत्त्यावर रिडायरेक्ट टाकून मोकळा झालो. ब्राउझर आपोआप नव्या पत्त्यावर जायचा. काम फत्ते, असं मला वाटलं!

पण तो नवा पत्ता वरच्या पट्टीत सगळ्यांना दिसायचा. नुसते आकडे आणि शेवटी ८०८०. लोकांनी तोच जपून ठेवला, एकमेकांना पाठवला. सहा महिन्यांनी तेही मशीन बदललं आणि सांगलीहून आत्याचा फोन आला, "अरे, आबांची पत्रं काढून टाकलीस का रे?"

पोटात कालवलं हो. पत्रं सुखरूप होती, पत्ता मी हरवला होता. त्यात माझा रिडायरेक्ट ३०१, म्हणजे कायमचा. काही ब्राउझर तो लक्षात ठेवतात आणि जुना पत्ता टाकला तरी थेट त्या बंद पडलेल्या पत्त्यावर जातात.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, सामान कुठे ठेवलंय हे पत्त्यातून कळताच कामा नये. कापडाच्या दुकानात शेठ पोऱ्याला गोदामात पिटाळतो आणि साडी आपल्यासमोर येते. गोदाम कुठल्या गल्लीत आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय? रिव्हर्स प्रॉक्सीचं काम नेमकं हेच. मागणी जुन्या सर्व्हरकडे येते, तोच आतल्या मशीनकडून पान आणून देतो. वरचा पत्ता हलत नाही.

अपाचेमध्ये याला मुख्यतः दोन ओळी लागतात, प्रॉक्सीपास आणि प्रॉक्सीपासरिव्हर्स. मी आधी दुसरी गाळली होती. मग कुणी फोल्डरच्या नावापुढचा स्लॅश विसरलं की आतलं मशीन 'इकडे या' म्हणून स्वतःचाच पत्ता सांगायचं, की पुन्हा ते ८०८०! दुसरी ओळ उत्तराच्या हेडरमधला हा पत्ता दुरुस्त करते. पानांत लिहिलेल्या लिंका मात्र ती बदलत नाही, त्या हाताने सुधारल्या.

ही लपवाछपवी नाही का, असं एका मित्राने विचारलं. दुसऱ्याचा माल आपल्या पाटीखाली विकला तर नक्कीच आहे. पण इथे दुकानही आपलं आणि गोदामही आपलंच. पुढचा सर्व्हर बंद पडला की सगळंच बंद, हा तोटा मान्य. पण डोमेन आपलं असेल तर ते दुसऱ्या मशीनकडे वळवता येतं.

चांगले पत्ते बदलत नाहीत, हे टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच सांगून ठेवलंय. मला ते आत्याच्या फोनने कळलं. तिला जुनाच पत्ता पुन्हा सांगितला, तिने तो कॅलेंडरच्या मागे पेनने लिहून घेतला. आता तो बदलायची माझी छाती नाही.

असो. तुमच्याकडे तो आकड्यांचा पत्ता असेल तर तेवढा खोडून टाका.