रंगाआधी क्रँककेस

ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी येझदी अजूनही बऱ्याच घरांत आहे. वडिलांची, काकांची, कधी आजोबांची. तिच्याबद्दल घरात साधारण दोन मतं असतात. एक, भंगारवाल्याला देऊन जागा मोकळी करा. दुसरं, एकदाच पैसे घालून झकपक करून घ्या. माझं सांगणं दोन्हींपेक्षा वेगळं आहे. गाडी देऊ नका आणि तूर्त तिला चकचकीतही करू नका. हाताशी जे थोडे पैसे असतील ते आधी इंजिनाच्या पोटात घाला. टाकीचा रंग, हँडलचं क्रोम, सीटचं नवं कव्हर यांना हात गाडी पाचशे किलोमीटर धावल्यावर लावा.

हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण सगळीकडे उलटाच क्रम दिसतो. रंगवाला आणि क्रोमवाला आधी पैसे घेऊन जातात. इंजिनाची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो. मग मिस्त्री म्हणतो, "रिंगा टाकून चालू करून देतो." गाडी चालू होतेही. महिन्याभरात कुठल्यातरी चढावर जाम होते आणि रंग केलेलं सगळं पुन्हा खोलावं लागतं. रंगावर ओरखडे पडतात ते वेगळेच.

ही गाडी नेमकी काय आहे ते थोडक्यात सांगतो. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. इराणी मंडळींनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथे जावा २५० बनू लागली. सत्तरच्या दशकात नाव बदलून येझदी झालं, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. इंजिन एका सिलिंडरचं, दोन स्ट्रोकचं. बोअर ६५ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, म्हणजे २५० सीसीला थोडं कमी. सायलेन्सर मात्र दोन, आणि किक व गिअरचा दांडा एकच. आता जावा आणि येझदी या नावांनी नव्या गाड्या मिळतात, पण त्या चार स्ट्रोकच्या आहेत. त्यांचा एकही इंजिन पार्ट तुमच्या उपयोगाचा नाही. दुकानदाराला गाडीचं वर्ष आणि मॉडेल सांगूनच पार्ट मागा.

कुठलाही नट सैल करण्याआधी आरसी बुक काढा. क्रँककेसवरचा इंजिन नंबर आणि फ्रेमवरचा चेसिस नंबर घासून पुसून वाचा आणि बुकाशी ताडून बघा. या गाड्यांत इंजिनांची अदलाबदल फार झालेली आहे. नंबर जुळत नसेल तर आधी आरटीओत विचारा, खर्च नंतर. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केली आहे. पण त्यात नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात आणि गाडी प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज दूध आणायला किंवा रविवारी फिरायला गाडी हवी असेल तर जुन्या नोंदणीचं नूतनीकरणच बरं. आणि क्रँककेसवर वेल्डिंग, घासकाम काहीही करायला दिलंत तरी नंबराच्या जागेला कोणाला हात लावू देऊ नका.

आता मूळ मुद्दा. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस म्हणजे नुसती लोखंडी सामान ठेवायची पेटी नव्हे, तो पंप आहे. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा आत ओढली जाते. पिस्टन खाली येताना तीच हवा दाबून वरच्या कप्प्यात ढकलली जाते. हा पंप हवाबंद असेल तरच इंजिन नीट चालतं. तो हवाबंद राहतो क्रँकच्या दोन टोकांना असलेल्या ऑइल सीलमुळे, आणि वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सर्वांत आधी मरतात ती ही रबरी सीलंच. किंमत बघाल तर अख्ख्या गाडीतला हा सर्वांत स्वस्त माल.

सील गेलंय हे गाडी स्वतः सांगते. क्लचच्या बाजूचं सील फाटलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. धूर थांबत नाही, प्लग ओला राहतो आणि गिअर ऑइल कुठेही न सांडता कमी होतं. डायनामोच्या बाजूचं गेलं तर प्रकरण जास्त वाईट. तिथून नुसती हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं. थ्रॉटल सोडला तरी इंजिन भुंगत राहतं, तापतं आणि शेवटी पिस्टन सिलिंडरला चिकटतो. अशा वेळी मिस्त्री कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसतो आणि गिऱ्हाईक जेट बदलत बसतं. दोष मात्र खाली रबरात असतो.

इंजिन जाम असेल तर किकवर उभं राहू नका. किक-गिअरचा एकच शाफ्ट आहे. त्याचे दाते गेले तर तुम्हीच नवा खर्च उभा केलात. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि रॉकेल मिसळून आत सोडा आणि चार-आठ दिवस विसरा. मधूनमधून मागचं चाक गिअरमध्ये ठेवून हाताने पुढेमागे हलवा. बहुतेक वेळा सुटतं. नाहीच सुटलं तर हेड काढून, पिस्टनच्या डोक्यावर लाकूड ठेवून हलके ठोके द्या. लोखंडी हातोडा थेट पिस्टनवर कधीही नको.

खोलण्याचं काम घरी करता येतं आणि तिथेच मजुरीची निम्मी बचत होते. मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. शिमा आणि वॉशर ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने तारेत ओवून ठेवा. क्लच आणि डायनामोच्या रोटरसाठी पुलर लागतो. तो भाड्याने किंवा ओळखीने मिळतो, पण छिन्नीने ठोकून काढायचा मोह आवरा. क्रँककेसचे दोन भाग सुटत नसतील तर मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. त्या ओरखड्यातून पुढे जन्मभर हवा गळते. भोवती गरम पाण्यात बुडवलेली फडकी गुंडाळा, लाकडी हातोडीने टकटक करा, सुटेल. आणखी एक: केसचे दोन भाग कारखान्यात जोडीने बोअर केलेले असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात कोणी स्वस्तात सुटी अर्धी केस देऊ केली तर हात जोडून पुढे जा.

पैसे खरे लागतात ते तीन ठिकाणी: क्रँक, बोअरिंग आणि बेअरिंग. ही कामं घरी होत नाहीत आणि इथे काटकसरही करायची नाही.

क्रँकचे दोन गोल वजनी भाग मधल्या पिनवर प्रेसने दाबून बसवलेले असतात. कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली हलवा. खटखट लागली तर रॉड किट नवं हवं. बाजूला थोडा हलणारच, ते चालतं. किट कोणीही बसवून देईल, पण नंतर क्रँक सरळ केली का, हे विचारणारं गिऱ्हाईक विरळा. दोन सेंटरच्या मध्ये क्रँक धरून, डायल गेज लावून ती फिरवायची आणि काटा किती हलतो ते बघायचं. ०.०३ मिमीच्या आत आणून देणारा कारागीर मिळाला तर त्याने मागितलेले पैसे द्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, किंवा कुठल्याही एमआयडीसीच्या आसपास, असे हात अजून आहेत. काम घ्यायला जाल तेव्हा तुमच्यासमोर डायल लावून दाखवायला सांगा. चांगला कारागीर चिडत नाही, उलट खूश होतो. "गेज नाही, अंदाजाने करतो" म्हणणाऱ्याकडून क्रँक परत उचला.

बोअरिंगचा नियम एकच: आधी पिस्टन घ्या, मग सिलिंडर द्या. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा मापांत येतात. घासून जेवढं लागेल त्याच्या पुढचं सर्वांत लहान माप घ्या, म्हणजे पुढच्या वेळेसाठी धातू शिल्लक राहील. पिस्टन बोअरिंगवाल्याच्या हातात द्या आणि त्या पिस्टनवर मॅन्युअलमधली फट सोडून बोअर करायला सांगा. नुसतं "पन्नास ओव्हर कर" म्हणून निघून येऊ नका. आणि टू-स्ट्रोक आहे हे आवर्जून सांगा: बोअरिंगनंतर पोर्टच्या धारदार कडा मोडून घ्यायच्या असतात. चार स्ट्रोकच्या बोअरमध्ये पोर्टच नसतात, त्यामुळे रोज तेच करणारा माणूस हे विसरतो. मग रिंग त्या धारेत अडकून तुटते. घरी आल्यावर रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरळ बसवा आणि तिच्या टोकांमध्ये फीलर गेज घाला. साधारण ०.२ ते ०.३ मिमी फट हवी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, आणि रिंगांची टोकं खाचेतल्या छोट्या पिनांवर.

बेअरिंग गाडीच्या दुकानातून न घेता बेअरिंगच्या दुकानातून घ्या. जुन्यावर नंबर कोरलेला असतो, तोच द्या, नामांकित कंपनीचा माल मागा आणि क्रँकसाठी सी-३ क्लिअरन्सचं. गरम चालणाऱ्या इंजिनाला ती जास्तीची सैल जागा लागते. बसवताना केस शेगडीवर किंवा ओव्हनमध्ये तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र आवाज करून उडाला की पुरे. बेअरिंग आदल्या रात्री प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवलेलं असेल तर जवळजवळ आपल्या वजनानेच जागेवर जाऊन बसतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे बटाट्याच्या भाजीशेजारी बेअरिंग सापडलं म्हणून कोणी ओरडणार नाही.

यानंतरची गोष्ट फारसं कोणी करत नाही आणि तिला खर्चही नाही. इंजिन जोडलं, पण क्लचचं झाकण अजून लावलेलं नाही, अशा वेळी ते हवाबंद आहे की नाही ते तपासा. एक्झॉस्टच्या दोन्ही तोंडांवर आणि कार्बोरेटरच्या तोंडावर रबराची चकती व वर पत्रा लावून ती घट्ट बंद करा. एका जुन्या प्लगची आतली चिनीमाती फोडून काढा, त्या पोकळीत पितळी नळी झाळून घ्या आणि त्याला रक्तदाब मोजायच्या जुन्या, काटा असलेल्या यंत्राचा फुगा व डायल जोडा. पिस्टन अगदी खाली ठेवा, म्हणजे वरचा कप्पा आणि क्रँककेस एक होतात. आता फुगा दाबून काटा ३०० च्या जवळ न्या. हा दाब सहा पीएसआयच्या जरा आतच असतो आणि एवढाच हवा. टायरचा पंप लावलात तर नवी सीलं बाहेर उडतील. काटा मिनिटाला ५० पेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या जोडांवर, सीलांभोवती, हेडच्या कडेला लावत जा. जिथे फेस फुगेल तिथे गळती. हीच गळती रस्त्यावर सापडली असती तर पिस्टन, रिंगा आणि दुसरं बोअरिंग एवढ्याला पडली असती.

बाकीचं भराभर. पॉइंटची फट ०.४ मिमी, कंडेन्सर नवा. टायमिंग मॅन्युअलप्रमाणे, पिस्टनची उंची मोजून लावा, कानाने नव्हे. कार्बोरेटरच्या जेटमध्ये पोलादी तार घालू नका, भोक मोठं होतं. वायरीतला तांब्याचा एक केस पुरतो. पेट्रोलची नळी आणि रबरी वॉशर नवे घ्या, कारण आता पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. सायलेन्सरच्या आतला काजळीचा थर कॉस्टिक सोड्याने निघतो, पण तोच सोडा अॅल्युमिनियमच्या हेडला किंवा पिस्टनला लावलात तर धातूच खाऊन टाकेल. तिथे लाकडाची पट्टी घेऊन खरवडा.

तेल टू-स्ट्रोकचंच, जासो एफसी किंवा एफडी दर्जाचं. चार स्ट्रोकचं इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये घालू नका, मग ते कितीही महाग असो. या गाडीचं जुनं प्रमाण पंचवीसास एक, म्हणजे लिटरला ४० मिली. नव्या बोअरला तेवढं द्या. पंपावर अंदाजाने ओतण्यापेक्षा औषधाचं मापाचं टोपण जवळ ठेवा.

पहिले पाचशे किलोमीटर एकटेच बसा. पन्नासच्या पुढे नेऊ नका, पण वरच्या गिअरमध्ये रडतखडत चढावर ओढूही नका, गिअर उतरवा. सुरुवातीला दहा-पंधरा किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा झालं की थंड इंजिनावर हेडचे नट तिरक्या जोडीने पुन्हा आवळा आणि प्लग काढून बघा. चहासारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक दिसला तर पुढे जाऊ नका, कुठूनतरी हवा शिरते आहे. फुगा आणि साबणाचं पाणी पुन्हा काढा.

आणि घाट उतरताना सांभाळा. या इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलबरोबरच. खंबाटकी किंवा आंबोली उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरवर गाडी सोडली तर इंजिन वेगात फिरत राहतं आणि तेल मात्र जवळजवळ बंद होतं. चार स्ट्रोकच्या सवयीचा माणूस इथेच फसतो. दर थोड्या अंतरावर क्लच दाबा, थ्रॉटल एकदा उघडून सोडा, आणि वेग ब्रेकने आवरा. म्हणून त्या उताराला जायच्या आधी दोन्ही ब्रेक शूही बघून घ्या.