तंबोऱ्याची गवसणी

‘आकाशाला गवसणी घालणे’ हा वाक्प्रचार मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाला पाठ असतो. अर्थ विचारला तर तोही ते धडाधडा सांगेल. परंतु नुसती गवसणी म्हणजे काय, असे विचारून पाहावे. माझ्या गायनवर्गात मी हा प्रश्न अधूनमधून विचारतो आणि बहुतेक मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. गवसणी म्हणजे वाद्यावर घालावयाचा कापडी अभ्रा. जी वस्तू आपल्या आज्यांच्या शिवणाच्या टोपलीत तयार होत असे, ती घरातून गेली आणि भाषेत तेवढी उरली. आता बाजारातून तयार पिशवी येते. तिला चेन असते, खांद्यावर टाकण्यास पट्टा असतो, आणि खरे सांगायचे तर ती पावसात अधिक उपयोगी पडते. मग गवसणी गेली म्हणून हळहळण्याचे कारण काय? कारण आहे, आणि ते कापडाचे नाही.

तंबोऱ्याची गवसणी शिवणे हे काम दिसते तितके सोपे नसते. दांडी सरळ, परंतु खाली भोपळ्याचा घेर. तोही सर्व बाजूंनी सारखा नाही, कारण भोपळा वेलीवर वाढलेला असतो, साच्यात ओतलेला नव्हे. म्हणून त्या घेरासाठी कापडाच्या कळ्या बेतून जोडाव्या लागतात, आणि त्या प्रत्येक तंबोऱ्याच्या वेगळ्या. बाहेरून जाड कापड, आतून जुन्या लुगड्याचे मऊ अस्तर, दोहोंमध्ये थोडा कापूस आणि तोंडाशी नाडी. माझी आई कळ्या बेतण्यापूर्वी तंबोऱ्याला दोरा गुंडाळून मापे घेत असे. ती कधी गायली नाही. परंतु त्या वाद्याचा घेर तिच्या हातांना जितका ठाऊक होता, तितका रोज तो मांडीशी घेणाऱ्या माझ्या वडिलांनाही ठाऊक नसावा.

बडोद्यात संगीताचा विषय निघाला की दरबाराची आठवण निघतेच, आणि ती निघणे योग्यही आहे. 1886 साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली येथे गायनशाळा सुरू झाली. 1916 साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली. उस्ताद फैयाजखाँसाहेबांनी 1950 साली याच शहरात देह ठेवला. हा मोठा वारसा आहे. परंतु दरबाराच्या औदार्याचे पोवाडे गाताना आपण एक गोष्ट विसरतो. दरबाराने पगार दिला, मान दिला, वर्षासने दिली. कलेची रोजची राखण मात्र कलावंतांच्या घरांनी केली. तारा कोणी पुसल्या, वाद्य ओलीपासून कोणी जपले, पहाटे मूल उठून बसले की शेगडी कोणी पेटवली, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. संगीतात आपण ज्याला घराणे म्हणतो, त्या शब्दात घर आहे.

माझे वडील सोळाव्या वर्षी दरबाराच्या कलावंत कारखान्यात लागले, आणि 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा त्यांनी नुकती विशी ओलांडली होती. पुढचे आयुष्य त्यांनी शिकवण्यांवर काढले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. दरबार मी पाहिला नाही, दरबाराच्या सवयी तेवढ्या घरात पाहिल्या. त्यांपैकी एक सवय म्हणजे महिन्यातून एकदा तंबोऱ्याची जवारी पाहणे. त्या सकाळी घरातील प्रत्येकाला काम असे.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिची पाठ सपाट दिसली तरी तिला अतिशय सूक्ष्म उतार असतो. तार त्या उतारावर ओझरती घासते आणि त्यातून तो झणत्कार निर्माण होतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवतात. दोरा एका जागी असला तर आवाज मिटलेला राहतो. तो केसभर पुढेमागे सरकला की एकदम खुलतो. जवारी उत्तम लागली म्हणजे खर्जाच्या एकाच तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. आमच्या घरी वडील कान लावून बसत, मी तार छेडीत असे, बहीण दोरा सरकवी, आणि तो दोरा आईच्या टोपलीतला असे. शिवणाचा पिळदार दोरा चालत नाही. आई त्याचा पीळ उलगडून हवा तसा पदर काढून देई. कित्येकदा गंधार प्रथम तिलाच ऐकू येई, आणि स्वयंपाकघरातून ‘आता हलवू नका’ असा हुकूम सुटे.

हाच हात संक्रांतीच्या सुमारास हलव्याला लागे. हलव्याचे दागिने आता दुकानात मिळतात, पुठ्ठ्यावर चिकटवलेले, झगझगीत. परंतु ज्याने घरी हलवा होताना पाहिला आहे त्याला त्यातले मर्म ठाऊक असेल. परातीत खसखस किंवा तीळ, खाली अगदी मंद विस्तव, आणि मळी काढून स्वच्छ केलेला साखरेचा पाक चमचा-चमचा सोडीत बोटांनी सतत फिरवीत राहायचे. हे काम एका बैठकीचे नव्हे. दिवसामागून दिवस चालते. विस्तव वाढला की पाक पिवळा पडतो. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात. हात थांबला की काटा येत नाही. थंडी चांगली पडली असेल तरच त्या काट्याला तेज येते. माझ्या विद्यार्थ्यांना विलंबित लयीत आलाप कसा भरावा हे समजावताना मी दहा शास्त्रीय शब्द वापरतो, परंतु ज्याने परातीजवळ तासभर बसून काटा येताना पाहिला आहे त्याला एका शब्दात समजते.

येथे कोणी म्हणेल की, हे सर्व गतकाळाचे रडगाणे झाले. तसे ते नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, हातांनी एखादी वस्तू घरात मिळून करणे ही करमणूक नसून एक शिक्षण आहे, आणि ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने देता येत नाही. या शिक्षणात मास्तर समोर बसत नाही, शेजारी बसतो. विद्यार्थ्याला प्रश्न विचारले जात नाहीत. त्याच्या हाती दोऱ्याचे टोक दिले जाते. आणि मुख्य म्हणजे, आई-बाप व मुले एकमेकांकडे पाहात न बसता एकाच वस्तूकडे पाहात बसतात. समोरासमोर बसवून ज्या गोष्टी मुलांकडून वदवून घेता येत नाहीत, त्या अशा वेळी ती आपणहून बोलतात. माझ्या बहिणीला शास्त्र विषय सोडून गाणेच शिकावयाचे आहे, ही गोष्ट वडिलांना अशाच एका जवारीच्या सकाळी कळली. मान वर न करता तिने ती सांगितली, आणि मान वर न करता त्यांनी ती ऐकली.

आज विजेच्या तंबोऱ्याची पेटी घरोघर आहे, आणि आता तर पेटीचीही गरज उरली नाही. खिशातील फोनच तंबोरा झाला आहे. त्याची निंदा मी करणार नाही. लहान घरात, प्रवासात, पहाटे शेजारी झोपलेले असताना त्याचा उपयोग होतो, आणि मीही तो वापरतो. परंतु ते यंत्र आपल्याकडून काही मागत नाही. त्याचा सूर हवा बदलली म्हणून उतरत नाही, आणि म्हणून तो लावावाही लागत नाही. खुंटी पिळून, मणी सरकवून, पुन्हा ऐकून, पुन्हा सरकवून सूर जुळवताना कानाला जी तालीम मिळते, ती बटण दाबणाऱ्याला मिळत नाही. माझ्याकडे येणारी काही मुले तीन-तीन वर्षे गाणे शिकून परीक्षा उत्तीर्ण झालेली असतात, आणि चार तारांचा तंबोरा पुढे ठेवला की त्यांचे हात मागे जातात. गळा तयार आहे, पण हात अनोळखी आहे.

या विषयाला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे बरे नव्हे. आपल्या घरांतील हातकामाचा भार बहुतांशी बायकांवर पडत असे. गवसणी आईने शिवावी आणि बैठकीत तंबोऱ्यामागे नाव मात्र बापाचे व्हावे, हा न्याय नव्हता. कित्येकींच्या कशिद्यामागे हौसेपेक्षा दुसरे काही करण्याची बंदी होती. तेव्हा मुली शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या आणि टोपली बाजूला पडली, यात वावगे काहीच झाले नाही. वावगे झाले ते हे की, त्यांनी खाली ठेवलेली सुई मुलग्यांनी उचलली नाही. हलवा करण्यास बाईचाच हात लागतो असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

कारागिरांच्या बाबतीतही असाच विचार करावा लागेल. आमच्या घरचा तंबोरा मिरजेचा. बडोद्याला काही काळ राहिलेले अब्दुल करीमखाँसाहेब पुढे ज्या मिरजेत स्थायिक झाले, तीच ही मिरज. तेथे शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडवण्याचे काम हाती घेतले आणि आजही तेथील घरांतून पिढ्यान्‌पिढ्या तेच चालते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला वाळका भोपळा कापायचा, त्याला तबली बसवायची, दांडी जोडायची, नक्षी करायची, लाखेचा हात द्यायचा, आणि सर्वांत शेवटी जवारी. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मानांकनाने मालाचे नाव राखले जाते. मुलगा बापाशेजारी येऊन बसेलच असे नाही. तो बसावा असे आपल्याला वाटत असेल तर त्याला पोटभर मिळाले पाहिजे, म्हणजेच आपण तंबोरे विकत घेतले पाहिजेत. नुसत्या कौतुकावर कोणाची चूल पेटत नाही.

सयाजीराव महाराजांना हा विचार फार पूर्वी सुचला होता. 1890 साली त्यांनी कलाभवन काढले ते विणकाम, रंगकाम, सुतारकाम यांसारखी हातांची कामे रीतसर शिकवण्यासाठी. जो हुन्नर तोवर जातीच्या आणि घराच्या भिंतीआड होता, तो शिकू इच्छिणाऱ्यासमोर ठेवावा, हा त्यामागचा हेतू. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी होते. आपल्या शहराची परंपरा सांगताना राजवाड्याच्या बरोबरीने या कार्यशाळेचेही नाव आले पाहिजे.

मग करावयाचे काय? माझ्या सूचना अगदी साध्या आहेत. गायनवर्गांनी मुलांना तार चढवणे, दोरा घालणे आणि तंबोरा जुळवणे यांचे शिक्षण अभ्यासक्रमाइतक्याच आग्रहाने द्यावे. ज्या दिवशी मूल स्वतः लावलेल्या तंबोऱ्यावर पहिला षड्ज लावील, तो दिवस पहिल्या परीक्षेहून मोठा मानावा. गणेशोत्सवात आरास भाड्याने आणणाऱ्या मंडळांनी निदान एक कोपरा मुलांच्या हाती सोडावा. आणि प्रत्येक घराने वर्षातून एक तरी वस्तू सर्वांनी मिळून करावी. दिवाळीचा मातीचा किल्ला, आकाशकंदील, हलव्याची एखादी वाटी, आजीच्या लुगड्याची गोधडी, काहीही चालेल. ती स्पर्धेसाठी करू नये, आणि फोटो काढण्यासाठी तर मुळीच करू नये. ती थोडी वाकडी झाली तरी चालेल. किंबहुना थोडी वाकडी झालेलीच बरी, कारण कोणाच्या हातून कोठे वाकडी झाली हे पुढे घरात वर्षानुवर्षे हसत सांगितले जाते.

आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात जुनी गवसणी भोपळ्याशी फाटली. आईने ऐंशी ओलांडली आहे. सुईत दोरा ओवण्याइतकी नजर राहिली नाही आणि हातही कापतो. म्हणून मापे ती सांगते, कळ्या माझा मुलगा बेततो आणि टाके मी घालतो. काम फार सावकाश चालले आहे. पहिल्या दोन कळ्या उसवून पुन्हा जोडाव्या लागल्या, कारण आईला नुसत्या बोटांनी चाचपून त्यातली सुरकुती कळली. मुलगा चौदा वर्षांचा आहे, आणि त्याच्या वयाच्या मुलांप्रमाणे एरवी घरात चार शब्दांपलीकडे बोलत नाही. कापड मांडले की मात्र आजीला प्रश्नावर प्रश्न विचारतो. दरबारच्या गोष्टी, आजोबांच्या तऱ्हा, तिच्या माहेरची माणसे, ज्या मलाही ठाऊक नव्हत्या अशा कितीतरी गोष्टी या तीन महिन्यांत त्याने तिच्याकडून काढल्या आहेत. बाजारात तयार पिशवी आहे, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. ती आणण्याचा विषय मात्र अजून कोणी काढलेला नाही.