सवंगडी शिकवतील, पण पंतोजी कोठे आहेत?

पंतोजींच्या शाळेत थोरला विद्यार्थी धाकट्यांकडून धुळाक्षरे गिरवून घेई. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल याने मद्रासेत ही देशी रीत उचलली आणि पुढे इंग्लंडात तिचा मोठा बोलबाला झाला. कारण एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुलांची सोय होत होती. मुलांनी मुलांना शिकवावे या कल्पनेत गुण आहे. तिच्या स्वस्ताईत मोह आहे. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा विचार करताना हे दोन्ही ध्यानात ठेवले पाहिजे.

साधारणपणे एक हजार लोकवस्तीमागे दोन मुलगे व दोन मुली निवडावयाच्या आणि आहार, प्रजनन-स्वास्थ्य, मनःस्वास्थ्य, व्यसने, हिंसा यांसारख्या विषयांचे प्रशिक्षण देऊन त्यांना सवंगड्यांशी बोलावयास लावावयाचे, अशी ही योजना आहे. ती शहाणपणाची आहे. जी शंका मुलगी आईजवळ काढीत नाही आणि गुरुजींजवळ तर मुळीच नाही, ती मैत्रिणीजवळ सहज बोलली जाते.

या योजनेची खरी कसोटी यवतमाळसारख्या जिल्ह्यात लागावयाची आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तेथे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीचा पंप उद्या ज्यांच्या पाठीवर येणार, त्यांना त्या विषाची ओळख आजच व्हावयास हवी. विदर्भात सिकलसेल अनेक समाजांत आढळतो. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याला तो रोग होण्याचा संभव चारात एक असतो; हे कुंडली जुळवण्यापूर्वी कळले तर उपयोग. खर्ऱ्याचे व्यसन तर मिसरूड फुटण्याआधीच जडते. आणि झरी जामणी तालुक्यातील कोलाम समाजाच्या कुमारी मातांची दुःस्थिती वर्षानुवर्षे वृत्तपत्रांतून व शासनदरबारी मांडली जात आहे.

या मुलींचे अज्ञान हा आपल्या मौनाचा परिणाम आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढले, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, याच महाराष्ट्राने शाळांतील लैंगिक शिक्षण थांबविले. उलट गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' शिबिरांतून मोकळेपणाने संवाद साधला आणि तरुणांनी तो मनापासून ऐकला. वडीलधाऱ्यांना जे बोलण्याचे धैर्य होत नाही, ते सोळा वर्षांच्या मुलीने चावडीसमोर बोलावे, ही अपेक्षा न्यायाची आहे काय?

प्रश्न केवळ संकोचाचाही नाही. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलीशी आलेला शरीरसंबंध, तिची संमती असली तरी, गुन्हा ठरतो आणि तो ठाऊक होताच पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्याची शिक्षा अल्पवयीनास नाही. आरोग्यसेविकेला व डॉक्टरांना मात्र आहे. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेले गुपित घेऊन ही शिक्षिका दवाखान्यात गेली की पोलीस दारात येतात. न गेली तर मैत्रिणीच्या जिवाला धोका. असा पेच अनुभवी वकिलालाही सुटणे कठीण. तो आपण एका शाळकरी पोरीच्या पदरात टाकतो आहोत.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, मुलांना निवडण्यापूर्वी त्यांच्या पाठीशी कोण उभे राहणार हे ठरवावे. गुपित कोठवर राखता येते आणि कोठे राखता येत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. प्रत्येक गावी नावानिशी एक जाणती स्त्री नेमावी व कठीण प्रसंग तिच्याच हाती सोपवावा. ठरलेल्या दिवशी आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर असावा. ग्रामसभेने या मुलांच्या कामाला जाहीर संमती द्यावी, म्हणजे उद्या कुजबूज झाली तर त्यांना एकटे पडावे लागणार नाही. एकोणिसावे वर्ष उलटताच ती या कामातून बाहेर पडतात. तेव्हा प्रशिक्षण एकदाच उरकून भागणार नाही, ते दरवर्षी झाले पाहिजे.

याला पैसा लागेल. तो वाचविण्यासाठीच जर मुले पुढे केली जात असतील, तर ही योजना कागदावरच राहील. थोरला विद्यार्थी धाकट्यांना शिकवू शके, कारण पंतोजी ओसरीवर बसलेले असत. आज ती ओसरी रिकामी आहे. आधी ती भरावी.