काजळीवर रंग मारला म्हणून स्लॅब पाक होत नाही

"आरसीसी आहे, त्याला काय होतंय?" खाली गाळे आणि वर संसार अशी घरं राहुरीपासून नगरपर्यंत सगळीकडे उभी राहतात, आणि बांधताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. गाळ्याला आग लागली की तेच वाक्य पुन्हा कामाला येतं. काजळी खरवडा, प्लास्टर करा, रंग मारा, नवा भाडेकरू बघा. माझं भांडण या रंगाशी आहे.

काँक्रीट जळत नाही, हे खरं. पण ते मरतं. त्याच्या पोटात पाणी असतं. आगीत त्याची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही तर स्लॅबचे पोपडे उडतात आणि सळई उघडी पडते. ३०० अंशांच्या पुढे काँक्रीटची ताकद घटू लागते. ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान सिमेंटातला चुन्याचा संयुग फुटतो. आग विझल्यावर तोच चुना हवेतला ओलावा पिऊन फुगतो. म्हणून काही तडे आगीच्या दिवशी दिसतच नाहीत, नंतर दिसतात. सळई साधारण ५५० ते ६०० अंशांना निम्मी ताकद गमावते, आणि घरच्या स्लॅबमध्ये तिच्यावर काँक्रीटचं आवरण असतं जेमतेम २० मिलिमीटर. गाद्या, कापड, प्लास्टिक भरलेल्या बंद गाळ्यातली आग ८०० अंशांच्या वर सहज जाते. हिशेब तुम्हीच करा.

"पण छत तर उभं आहे!" उभं असणं आणि धड असणं यात फरक आहे. लोखंड थंड झाल्यावर बरंच सावरतं, काँक्रीट सावरत नाही.

२१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, ५ माणसं गेली. इमारत उभी राहिली, तरी सरकारने तिचा ढाचा इंजिनिअरांकडून तपासून घेतला. सरकारी बाबूंच्या डोक्यावरचा स्लॅब तपासायचा आणि गरीब भाडेकरूच्या डोक्यावरचा फक्त रंगवायचा, हा कुठला न्याय?

१८ मे २०२५ ला सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून ८ जण गेले. मालकाचं कुटुंबही त्याच इमारतीत राहत होतं. धंदा आणि संसार एकाच छताखाली ठेवणारे आपण सगळेच आहोत. आपल्या मशिदींखालीही भाड्याचे गाळे असतात.

कुणी म्हणेल, तपासणीचा खर्च परवडत नाही. हातोडीने ठोकून बघायला काय खर्च येतो? पोकळ आवाज, गुलाबीसर पडलेलं काँक्रीट, उघडी सळई, खाली झुकलेला स्लॅब, यातलं एक जरी दिसलं तरी माणसं बाहेर काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. काहीच दिसलं नाही तरी रंगाआधी त्याचा लेखी अहवाल घ्या. नगरपरिषदेनेही अशा अहवालाशिवाय जळालेला गाळा उघडू देऊ नये. मशिदीच्या कमिट्यांनी तर कुणी सांगण्याची वाट बघू नये, कारण ती इमारत अमानत आहे.

आणि कृपा करून "अल्लाहची मर्जी" म्हणू नका. उंट आधी बांधायचा, मग तवक्कल करायचं, हे आपण मुलांना मकतबात शिकवतो. स्लॅब न तपासता भाडं घेणं म्हणजे तवक्कल नव्हे. दुसऱ्याच्या लेकरांच्या जिवावर खेळलेला तो जुगार आहे.