भूक रुसते तेव्हा

‘‘डॉक्टर, ताप उतरला हो, पण हा काही खातच नाही!’’ देवासमधील माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, आई दारातून आत येतानाच तिच्या चेहऱ्यावर मला ते वाचता येते. तापाची तिला जेवढी धास्ती वाटत नाही, तेवढी बाळाने बाजूला सारलेल्या वाटीची वाटते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या वाटीविषयी, आणि आपण डॉक्टर मंडळी तिच्यावर जो उपाय लिहून देतो त्याविषयी, दोन शब्द मांडावेसे वाटतात.

धार आणि देवास येथील पवारांच्या संस्थानांबरोबर माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या मराठी घरांत या प्रसंगी दोन पंथ दिसतात. धारला माझी आजी पहिल्या पंथाची होती. ‘लंघनं परमौषधम्’ म्हणून ती तापातल्या नातवंडांचे जेवण बंद करी. ज्या शास्त्राचा ती आधार घेई, ते मात्र अधिक सावध आहे. लंघन आणि बृंहण यांचे विवेचन करताना वाग्भटाने गर्भिणी, सूतिका व वृद्ध यांच्याबरोबर बालकांनाही बृंहणाच्या, म्हणजे पोषणाच्या बाजूस ठेवले आहे. दुसरा पंथ आजच्या सुशिक्षित घरांतला. काऊचा घास, चिऊचा घास संपले की मोबाईल येतो आणि तोही हरला की बळजबरी. ‘नाक दाबले की तोंड उघडते’ ही म्हण राजकारणात खरी असेल. दीड वर्षाच्या बाळावर तिचा प्रयोग केला तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि बरे झाल्यावरही ते मूल चमचा पाहून तोंड फिरवते.

वस्तुतः आजारात भूक मंदावणे हा शरीराचाच प्रतिसाद आहे. जंतुसंसर्गाशी लढताना रक्तात जी द्रव्ये स्रवतात, तीच मेंदूतील भुकेचे केंद्र दाबतात. तीन-चार दिवसांत ती ओसरली की भूक परतते. शिवाय पहिल्या वर्षात तिप्पट होणारे वजन दुसऱ्या वर्षात जेमतेम २ ते अडीच किलोंनी वाढते. त्यामुळे या वयात निरोगी मुलाचीही भूक आधीपेक्षा कमी भासते. म्हणून आजाराच्या दिवसांत आईला ‘काय खाल्ले?’ असे विचारण्याआधी ‘काय प्यायले आणि लघवी किती वेळा झाली?’ असे विचारावे. अंगावरचे दूध कधीही तोडू नये. पेज, वरणाचे पाणी, ताक, जुलाब असतील तर जलसंजीवनी, आणि मूल मागेल तेव्हा दोन चमचे तूप घातलेला मऊ भात किंवा माळव्याची थुली, एवढे पुरते. सन १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हाती सोपवून असंख्य जीव वाचवले. घरच्या माणसाच्या हातातील पेल्यावर विश्वास ठेवण्याचा तो धडा आपण विसरू नये.

खरी जेवणाची वेळ येते ती आजारानंतर. त्या काळात मूल आपण होऊन अधिक मागते. अतिसारानंतर किमान २ आठवडे रोज एक जादा जेवण द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु नेमके तेव्हाच आपले लक्ष सुटलेले असते, कारण ताप गेला आणि बाटली आली! ही भूक वाढवणारी औषधे बहुधा सायप्रोहेप्टाडीनची असतात. मुळात ते ॲलर्जीवरचे, गुंगी आणणारे औषध; २ वर्षांखालील बालकांत त्याची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. तरीही आपण ते लिहितो, कारण रिकाम्या हाताने परतणारी आई पुन्हा येणार नाही, ही भीती आपल्याला वाटते.

मीही ते लिहीत असे. तरुणपणी कुक्षीकडील आदिवासी पाड्यांत काम करत असताना एका कृश मुलाच्या आईनेही हीच तक्रार सांगितली होती. तापातली अरुची म्हणून मी टॉनिक दिले. मुलाचा दंड मोजला नाही. दहाव्या दिवशी ते मलूल होऊन परत आले आणि त्याला मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. ते वाचले, पण त्याचे श्रेय माझे नव्हे. तक्रार एकच असते, पण बालके दोन प्रकारची असतात. देवासच्या गुटगुटीत बाळाची रुसलेली भूक चार दिवसांची पाहुणी असते. गंधवानी-डहीच्या कुपोषित बाळात तीच धोक्याची खूण ठरते. ६ महिने ते ५ वर्षे या वयात दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी असेल, तर ते तीव्र कुपोषण होय. आणि अशा मुलाला भूकच नसेल तर त्याला घरी न पाठवता दाखल करणे आवश्यक असते. मूल काहीच पीत नसेल, सारे ओकत असेल, त्याला झटके आले असतील किंवा ते सुस्त पडले असेल, तर घर कोणतेही असो, क्षणाचाही विलंब नको.

समव्यावसायिकांना माझी नम्र विनंती आहे. टॉनिकचे नाव लिहिण्यापूर्वी मोजपट्टी काढावी. दंड चांगला भरला तर कागदावर औषधाच्या जागी ‘दोन आठवडे, रोज एक जेवण जास्त’ एवढेच लिहावे आणि पाच मिनिटे आईजवळ बोलावे. त्या पाच मिनिटांची फी कोणी देत नाही, हे खरे. परंतु आपल्या व्यवसायाची पत याच पाच मिनिटांवर उभी आहे, असे मला वाटते.