सव्वासात आणि बारा

गिटार घरी बनवणारी मंडळी लाकूड आणि पिकअपवर तासन् तास वाद घालतात. रेडियसचा विषय काढला की मात्र, "ते होतं रे नंतर ॲडजस्ट." नाही होत राव! मी त्याच भरवशावर जुन्या फेंडर पद्धतीची ७.२५ इंच रेडियसची नेक घेतली आणि खाली १२ इंची ट्यूनोमॅटिक ब्रिज बसवला. कडेच्या दोन्ही तारा नीट लावल्या की मधल्या फ्रेटवर खरखरणार, मधल्या उचलल्या की कडेच्या उंच. शंका आली ती फ्रेटची. दोन शनिवार कानस चालवून चांगले फ्रेट घासून टाकले (शेजाऱ्यांचे टोमणे वेगळेच). मग कागदावर हिशोब केला: कडेच्या तारांत ५२ मिमी अंतर धरलं, तर ब्रिजपाशी फरक ०.७ मिमी.

तंतोतंत जुळणी हवीच असंही नाही. तारा ब्रिजकडे पसरत जातात, म्हणून तो किंचित सपाट असलेला बराच. ९.५ च्या नेकवर १२ चा ब्रिज, म्हणजे ०.३ मिमी, मी चालवून घेईन. पण ट्यूनोमॅटिक दोन खुंटांवर अख्खाच वरखाली होतो. स्ट्रॅटसारखी प्रत्येक तारेची उंची वेगळी लावता येत नाही. तेव्हा आधी ब्रिज ठरवा, मग नेक घ्या.

माझी नेक आता सहा सॅडलवाल्या ब्रिजवर आहे. फ्रेट मात्र नवे घालावे लागणार.